दुसरा आकडा

कोविडच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी आलेले ऑक्सिमीटर आता बहुतेक ठिकाणी जुने चार्जर, रबरबँड आणि संपलेले सेल यांच्या संगतीत कपाटाच्या खणात पडून असतात. त्या दिवसांत त्याच्या इवल्याशा पडद्यावरचा एकच आकडा आपण डोळ्यांत तेल घालून बघायचो. तो ९४ च्या खाली उतरला की फोनाफोनी सुरू. पडद्यावर आणखीही एक आकडा असायचा, पण त्याला कुणी विचारत नव्हतं. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एका शेजाऱ्यांनी मध्यरात्रीनंतर 'ऑक्सिजन ७६, बेड कुठे मिळेल?' असा मेसेज टाकून सगळ्यांची झोप उडवली होती. बऱ्याच धावपळीनंतर कळलं, गृहस्थ ठणठणीत होते आणि नाडीचा आकडा वाचत होते. शहात्तर! इतकी सुरेख नाडी असलेल्या माणसासाठी चार जण मिरज-सांगलीत बेड शोधत होते.

त्या दुसऱ्या आकड्याचा मला तेव्हापासून लळा लागला. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० असावी, हे पुस्तकातलं उत्तर. जन्मलेल्या बाळाची १२० च्या वर सहज असते आणि वयाबरोबर उतरत जाते. पण ६० ते १०० ही पट्टी इतकी ऐसपैस आहे की तिच्यात जवळजवळ सगळं गाव मावतं. ६२ वालाही नॉर्मल आणि ९७ वालाही नॉर्मल. ज्याची रोज ६२ असते त्याची एका सकाळी ८८ भरली, तर पुस्तक म्हणेल ठीक आहे. तो माणूस मात्र ठीक असेलच असं नाही.

मोजायला लागतं काय? तीन बोटं आणि सेकंदकाटा. तळहात वर करून अंगठ्याच्या बाजूला मनगटावर जी उथळ खोबण लागते, तिथे तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका अलगद ठेवायची. दाबलं की नाडी बुजते. अंगठ्याने बघायचं नाही, कारण अंगठ्यातही ठोका असतो आणि मग दुसऱ्याची म्हणून आपलीच नाडी मोजली जाते. वैद्यही हीच तीन बोटं ठेवत आले: तर्जनीखाली वात, मध्यमेखाली पित्त, अनामिकेखाली कफ. शार्ङ्गधरसंहितेत वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी आणि कफाची हंसासारखी चालते असं वर्णन आहे. त्यातलं निदान किती पटायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यातली वेगळीच गोष्ट भावते. तिथे 'मिनिटाला किती' हा प्रश्नच नाही. नाडी कशी चालते, हा प्रश्न आहे.

मोजण्याचा हट्ट युरोपातून आला आणि तोही आधी आकड्यात नव्हता. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सांतोरिओ नावाच्या इटालियन वैद्याने दोऱ्याला गोळी बांधून लंबक केला. रोग्याच्या मनगटावर बोटं ठेवायची आणि लंबकाचा झोका नाडीशी जुळेपर्यंत दोरा कमीजास्त करायचा. जुळला की दोऱ्याची लांबी टिपून ठेवायची. दोरा आखूड म्हणजे नाडी जलद, लांब म्हणजे संथ. म्हणजे काही काळ माणसाची नाडी लांबीत मोजली जात होती! मग १७०७ साली इंग्लंडमधल्या जॉन फ्लॉयर नावाच्या डॉक्टरने खास नाडीसाठी एक मिनिट चालणारं घड्याळ करवून घेतलं आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. सेकंदकाटा तेव्हा नवलाईचा होता. त्यानंतरसुद्धा नाडी मोजणं ही डॉक्टरांची रोजची सवय व्हायला दीडेकशे वर्षं गेली.

पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची पद्धत दवाखान्यात सर्रास चालते. घाईत ठीक आहे. पण तिच्यात एका ठोक्याची चूक चौपट होते, ६८ चे ७२ व्हायला काही लागत नाही. घरी कुणी मागे लागलेलं नसतं, तेव्हा पुरतं मिनिट मोजावं. पूर्ण मिनिटाचा खरा फायदा वेगळाच आहे, तो काकांच्या गोष्टीत येईल.

खरी अडचण मोजण्यात नाहीच. मोजण्याआधी पाच मिनिटं स्वस्थ बसायचं, बोलायचं नाही, चहा-कॉफी नुकतीच झालेली नसावी, जिना चढून आलेलं नसावं, एवढंच पथ्य. आमच्या आत्याला हे पथ्य पाळायला लावून बघा.

"आत्या, पाच मिनिटं शांत बस की गं."

"बसलेच आहे की."

बसलेली होती खरी, पण मांडीवर ताट आणि ताटात गवारी. शेंगा काढून घेतल्या तर हाताला चैन पडेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. मी मनगट धरलं. पातळ कातडीखाली नाडी लगेच लागली, बारीक पण स्वच्छ. वीसपर्यंत आले तोच म्हणाली, "कितवी झाली?"

"बोलू नकोस ना."

"बोलत कुठाय? कुकरची कितवी झाली म्हणून विचारलं."

तेवढ्यात शिट्टी झालीच, आणि माझ्या बोटांखाली ती नाडी दचकली. अगदी स्पष्ट. चार-पाच ठोके एकमेकांच्या अंगावर आल्यासारखे आले, मग हळूहळू पुन्हा जागेवर. आत्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. बसल्या जागेवरून ती उठलीही नव्हती. पण आतून ती गॅस बंद करून आली होती. मिनिट भरलं तेव्हा आकडा ८६ होता. "चांगला आहे का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "अगं, तू बसलीच नाहीस."

या बायकांच्या पिढीला रिकामं बसणं म्हणजे काहीतरी गुन्हा वाटतो. देवासमोर बसल्या तरी हातात वाती वळणं चालू असतं. शेवटी एक उपाय सापडला. पहाटे जाग आल्यावर, उठायच्या आधी, अंथरुणातच मोजायचं. डॉक्टरही हीच वेळ उत्तम म्हणतात. आत्याचं म्हणणं, तोवर दूधवाला येऊन गेलेला असतो आणि आपण अंथरुणात पडलोय हे बरं दिसत नाही. तरी दोन-चारदा जमलं. ७० च्या आसपास भरले. कुकरच्या शेजारचे १६ ठोके गेले.

हे स्वस्थपण मागितलं जातं, त्याला कारण आहे. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. ठोक्याची ठिणगी तिथून पडते. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघांनी १९०७ मध्ये तो दाखवून दिला. मेंदूचा एक शब्दही कानावर न येता तो आपला आपण ठोके देतो. पण त्याला असं एकटं सोडलं तर तो ७० देत नाही. तरुण माणसात शंभराच्या आसपास किंवा थोडे वरच देतो. मग आपल्या मनगटावर ७० कुठून येतात? मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी दहावी, व्हेगस, खाली उतरून हृदयाला लगाम घालते म्हणून. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयाची ही नस चेतवली, हृदय मंदावलं. त्या हृदयाभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर नसेला हात न लावता तेही मंदावलं. म्हणजे ही नस काहीतरी रसायन सोडते. ते अ‍ॅसिटिलकोलीन निघालं आणि लोवींना १९३६ चं नोबेल त्यात वाटेकरी म्हणून मिळालं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ मनातून जाईना. आपण समजतो की विश्रांतीत हृदय आपोआप संथ होतं आणि काम पडलं की त्याला पळवावं लागतं. प्रत्यक्षात ते पळायलाच बसलेलं असतं आणि शरीर त्याला अहोरात्र धरून ठेवत असतं. आपण उठून दोन पावलं चाललो की पहिल्यांदा वेग वाढतो तो कुणी हाकल्यामुळे नाही, लगाम सैल झाल्यामुळे. अ‍ॅड्रिनलिन वगैरे मंडळी मागाहून येतात.

याचा पुरावा बघायचा तर हृदय बदललेल्या माणसाकडे बघावं. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचं हृदय दुसऱ्या माणसात बसवण्याचं पहिलं रोपण केलं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईत केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते करून पाहिलं. त्यांचा रुग्ण काही तासच जगला आणि आपल्याकडे यशस्वी रोपण व्हायला १९९४ उजाडलं. पण परळच्या एका महापालिकेच्या रुग्णालयात, तेव्हाच्या साधनांनी, हे धाडस झालं होतं हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं. तर रोपण करताना जुन्या नसा कापल्या जातात. नवं हृदय व्हेगसशिवाय चालतं, आणि असा माणूस निवांत पडलेला असतानाही त्याची नाडी ९० ते ११० च्या घरात असते. जिना चढताना ती लगेच वाढतही नाही. रक्तातून रसायन पोचेपर्यंत वाट बघते आणि माणूस खुर्चीत बसल्यावरही बराच वेळ चढलेलीच राहते.

म्हणून हा आकडा हृदयाचा एकट्याचा नाही. झोप झाली नाही, अंगात कणकण आली, उन्हात पाणी कमी प्यायलं गेलं, आदल्या रात्री पार्टी झाली, कुणाशी तरी वाजलं, यातलं काहीही सकाळच्या नाडीत उमटतं. एक अंश सेल्सियस ताप चढला की साधारण दहा ठोके वाढतात. जुने डॉक्टर विषमज्वराचा संशय घ्यायचे तो इथेच: ताप भरपूर, पण नाडी त्या मानाने संथ. रक्त कमी असेल तर नाडी जलद, कारण थोड्या हिमोग्लोबिनवर तेवढाच प्राणवायू पोचवायचा तर फेऱ्या वाढवाव्या लागतात. थायरॉईड वाढला तर जलद, कमी झाला तर मंद. ब्लडप्रेशरसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ५५ बघून घाबरायचं कारण नसतं, तो गोळीचाच गुण आहे. पण चक्कर येत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर पन्नाशीतली नाडी अंगावर काढू नये. तसंच स्वस्थ बसून, पुन्हा पुन्हा मोजून शंभरच्या वर भरत असेल तर 'टेन्शनमुळे असेल' म्हणून सोडून देऊ नये. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर मोजत बसायचंच नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

आमच्या सकाळच्या फिरायच्या मंडळींत हल्ली याची चुरस लागते. "माझा ५४." "माझा काल ५१ होता." आवाजात असा रुबाब, जणू सातबाऱ्यावर नवी जमीन चढली. पळणाऱ्या, पोहणाऱ्या माणसाचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. स्वस्थ बसलेल्या शरीराला मिनिटाला साधारण पाच लिटर लागतं. ते ७० मिलिलिटरच्या सत्तर ठोक्यांत भागवा नाहीतर शंभर मिलिलिटरच्या पन्नासांत. व्यायामाने कमावलेली संथ नाडी चांगलीच. पण आकडा नुसता खाली ओढून काही साधत नाही, हे दाखवणारा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. इव्हाब्रॅडिन नावाचं औषध फक्त ठोके कमी करतं, बाकी फारसं काही करत नाही. हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेल्या पण हार्ट फेल्युअर नसलेल्या १९ हजारांहून जास्त रुग्णांवरची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांचे ठोके उतरले. मृत्यू आणि हार्ट अटॅक उतरले नाहीत. हार्ट फेल्युअरच्या ठरावीक रुग्णांना तेच औषध उपयोगी पडतं, ते वेगळं. पण चुरस लावणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं. शिवाय त्यांची घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत. मनगटाच्या मागे जो हिरवा दिवा लुकलुकतो, त्याचा उजेड रक्त शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला परत येणारा उजेड थोडा कमी होतो, त्यावरून मोजणी चालते. पट्टा सैल असला, हात गार पडला असला की गणित हुकतं. आणि 'विश्रांती' कशाला म्हणायचं हेही प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. कुणी झोपेतलं धरतं, कुणी जागेपणी निवांत बसलेलं. दोन घड्याळांच्या आकड्यांची तुलना करून भांडण्यात अर्थ नाही. एकाच घड्याळाचा महिनाभराचा कल बघावा, तो बराच खरा असतो.

आता काका. वयाने सत्तरी ओलांडलेले, वीजमंडळातून निवृत्त, आणि तबल्याचे निस्सीम भक्त. मिरजेत वाढलेल्या माणसाच्या कानावर तंबोरे जुळवल्याचे आवाज लहानपणापासून पडतात. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत गाणं होतं, तिथे काकांनी रात्रीच्या रात्री जागवल्या आहेत. वाजवतात ते भजनी मंडळापुरतंच, पण लयीचा कान पक्का. चुलतभावाने त्यांना पुण्याहून मनगटी घड्याळ आणून दिलं होतं. एक दिवस बघते तर घड्याळ टेबलावर, आणि हे पडवीत स्वतःचं मनगट धरून डोळे मिटून बसलेले.

"काय झालं काका? बरं नाही का वाटत?"

"लय सुटतेय."

"घड्याळ काय म्हणतंय?"

"अठ्ठ्याहत्तर म्हणतंय. त्याला काय कळतंय? हे बघ, नवशिका तबलजी चुकतो ना, त्याची चूक ठरलेली असते. दर आवर्तनात त्याच मात्रेवर घसरणार. हा दर खेपेला नव्या जागी चुकतोय."

मी बोटं ठेवली. दोन ठोके घाईघाईने, मग जरा मोकळी जागा, मग एक इतका क्षीण की होता की नव्हता कळू नये, मग तीन ठसठशीत, तेही एकसारख्या अंतरावर नाहीत. मी काही मिनिटं धरून राहिले. कुठेच पुनरावृत्ती नाही. श्वास घेताना नाडी किंचित पळते आणि सोडताना रेंगाळते, तेही व्हेगसचंच काम. तरुणांत हे सहज जाणवतं आणि त्यात काही वावगं नाही. एखादा ठोका आगाऊ येऊन मग थोडा खंड पडणं, हेही पुष्कळांना होतं. पण त्यात काहीतरी आकृती असते. इथे आकृतीच नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक गोष्ट केली, ती मी पहिल्यांदाच पाहिली. स्वतः छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, सिस्टरना मनगट धरायला सांगितलं आणि दोघांनी एकाच मिनिटाचे ठोके मोजले. छातीत १०४, मनगटात ८०. चोवीस ठोके वाटेतच गळाले होते. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, हे ईसीजीनंतर कळलं. वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. तिथून मिनिटाला तीनशेच्या वर वेड्यावाकड्या ठिणग्या उठतात आणि त्यातल्या कुठल्या खाली पोचतील याला काही नियम नसतो. दोन ठोके फार जवळ आले की मधे हृदय भरायलाच वेळ मिळत नाही. ते आकुंचन पावतं, पण रक्ताची लाट मनगटापर्यंत पोचत नाही. आणि थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी झाली आणि ती मेंदूकडे गेली तर अर्धांग. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि वेग आवरणारी दुसरी गोळी, दोन्ही सुरू झाल्या.

आकडा ७८ होता, म्हणजे पुस्तकाप्रमाणे अगदी छान. सरासरी काढली की सगळं बेताल सुरळीत दिसतं. काही घड्याळांत आता अनियमित ठोक्यांची सूचना येते, काहींत ईसीजीची सोयही असते. काकांच्या घड्याळात तसलं काही नव्हतं. पुरतं मिनिट बोटं ठेवायची म्हणतात ती याचसाठी. किती हे पंधरा सेकंदांत कळतं, कसे ते कळायला तेवढा वेळ पुरत नाही.

परवा तपासणीला मीच काकांना घेऊन गेले. नवे, तरुण डॉक्टर होते. त्यांनी मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पाव मिनिटात सोडलं.

"डॉक्टर, पुरतं मिनिट मोजा. आणि छातीवर."

"काका, बाहेर गर्दी आहे हो."

"असू दे की. तुम्ही छातीचं मोजा, मी मनगटाचं मोजतो. सम मी देतो."

डॉक्टर हसले, पण स्टेथोस्कोप लावला. काकांनी मान हलवून सुरुवात दिली. मिनिट झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "बहात्तर. मस्त. गोळी लागू पडलीय."

"माझे सत्तर झाले," काका म्हणाले. "दोन कुठे गेले?"

डॉक्टरांनी समजवायचा प्रयत्न केला, की आधी चोवीस हरवत होते, आता दोनच, ही चांगली गोष्ट आहे, आणि मोजण्यात एकदोन इकडेतिकडे व्हायचेच. काका म्हणाले, मोजण्यात माझी चूक होत नाही, आणि पुन्हा मनगटावर बोटं ठेवली. दारातून सिस्टरनी दोनदा डोकावून पाहिलं. डॉक्टरांनी एक सुस्कारा सोडला आणि स्टेथोस्कोप परत कानाला लावला.